एक मिलिग्रॅम फायब्रोनेक्टिनसाठी

पेशी मॅट्रिक्सला, म्हणजे भोवतालच्या प्रथिनांच्या जाळ्याला, किती चिकटतात हे मोजायची चाचणी अवघड नाही. प्लेटच्या वेलमध्ये (छोट्या खळग्यात) फायब्रोनेक्टिन या मॅट्रिक्समधल्या प्रथिनाचा थर द्यायचा, उघडी राहिलेली जागा बीएसए या पेशी न धरणाऱ्या प्रथिनाने झाकायची, पेशी सोडायच्या, तासाभराने सुट्या राहिलेल्या धुऊन टाकायच्या, उरलेल्या क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायच्या. माझी पीएचडी अडली ती याच्याही आधी, खरेदी विभागात.

इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) शेरा आला: ‘प्लेट्स टिश्यू कल्चर ट्रीटेड आहेत. त्यावर पेशी चिकटतात. स्वतंत्र चिकट पदार्थाचे प्रयोजन काय?’ प्रश्न बिनबुडाचा नव्हता, म्हणूनच जास्त झोंबला. पानभर जस्टिफिकेशन लिहिलं. पेशी नुसत्या प्लास्टिकला धरत नाहीत. पेशी वाढवायच्या माध्यमात आपण सीरम (रक्तातला द्रव) घालतो, त्यातलं फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन प्लास्टिकवर बसतं आणि पेशी त्यांना धरतात. हे धरण्याचं काम पेशीच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन या प्रथिनांचं. एक अल्फा आणि एक बीटा साखळी मिळून एक इंटिग्रिन. माणसात अशा २४ जोड्या आहेत. फायब्रोनेक्टिनच्या अवाढव्य रेणूतला चार अमिनो आम्लांचा तुकडासुद्धा पेशींना धरायला पुरतो, हे पिअर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी १९८४ मध्ये दाखवलं. मला यातला कुठला इंटिग्रिन काम करतो ते बघायचंय, त्यात सीरमची भेसळ चालणार नाही.

फाईल परत. ‘शेजारच्या विभागात पॉली-एल-लायसिन शिल्लक असून त्यावरही पेशी चिकटतात.’ चिकटतात ना! लायसिनवर धन भार, पेशीच्या पृष्ठभागावर ऋण भार, झालं काम. इंटिग्रिनला कोणी विचारतच नाही. इंटिग्रिनने मॅट्रिक्स धरलं की पेशीच्या आत टॅलिन आणि विन्क्युलिन ही प्रथिनं गोळा होतात आणि ती पकड पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंशी जोडली जाते. मला बघायची आहे ती ही जोडणी. लायसिन माझ्या चाचणीत आहेच, पण कंट्रोल म्हणून, तुलनेपुरतं. हेही लिहून दिलं.

मग कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट (विक्रेत्यांच्या दरांचा तुलनात्मक तक्ता). एका विक्रेत्याने चक्क जिलेटिन कोट केलं होतं, आणि स्वस्त म्हणून तोच एल-वन (सर्वात कमी दराचा)! साहेब म्हणाले, ‘मॅडम, दोन्ही कोटिंगच ना?’ जिलेटिन म्हणजे उष्णतेने उलगडलेलं कोलॅजेन, वेगळंच प्रथिन, हे मी उभ्या उभ्या समजावलं. ते पटेपर्यंत बाकीच्या कोटेशनची मुदत संपली. पुन्हा कोटेशन, पुन्हा जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) उपलब्ध नसल्याचा रिपोर्ट, पुन्हा सह्या. म्हणून सांगते, इंडेंटमध्ये मानवी प्लाझ्मातलं की गाईच्या, किती मिलिग्रॅम, पर्याय का चालणार नाही, हे सगळं पहिल्याच पानावर लिहा. कोटेशन मागतानाच मुदत जास्त मागून घ्या.

बाटली आली तेव्हा तळाशी दिसेल न दिसेल असा पांढरा पापुद्रा होता. एवढ्यासाठी एवढं! त्यात निर्जंतुक पाणी घालून ३७ अंशांवर अर्धा तास तशीच ठेवा. व्होर्टेक्स (नळी गरगरा हलवणारं यंत्र) लावायचा मोह आवरा. ढवळलं की त्याचे धागे सुटून येतात आणि ते परत विरघळत नाहीत. विरघळलं की छोटे भाग करून गोठवा.

हे खरं तर आधी यायला हवं होतं: पेशी आधीच्या प्लेटवरून ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) आणि ईडीटीएने सोडवल्या असतील तर नीट धुवा. ईडीटीए कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवतं, आणि त्यांच्याशिवाय इंटिग्रिन धरत नाही. ट्रिप्सिन थांबवायला सीरम घालू नका, नाहीतर जे टाळायचं तेच आत येईल. सोयाबीनचा ट्रिप्सिन इनहिबिटर वापरा.

फायब्रोनेक्टिनच्या वेल गर्द जांभळ्या झाल्या, नुसत्या बीएसएच्या जवळजवळ कोऱ्या राहिल्या. मुद्दाम ईडीटीए घातलेल्याही कोऱ्याच. त्या दिवशी प्लेट लॅबभर फिरवली.

पुढच्या बाटलीचा इंडेंट लगेच टाकलाय, तेच जस्टिफिकेशन जोडून. फाईल सध्या अकाउंट्सला आहे.