तुम्ही विचारलंत म्हणून: सॉ मिलच्या मॉडेलसाठी जुनी सरकारी पुस्तकं कशाला?

मी १:८७ प्रमाणात अमेरिकेतली एक जुनी, वाफेवर चालणारी छोटी सॉ मिल, म्हणजे ओंडके कापून फळ्या करणारी गिरणी, बनवतो आहे. ती पाहायला येणारे शेजारचा छापील कागदांचा गठ्ठा उचलतात आणि विचारतात, जुने फोटो ढिगाने मिळतात, मग ही सरकारी पुस्तकं कशाला वाचता?

कारण माझी पहिली शेड मी फोटोवरून बांधली आणि ती चुकली. गोल करवत एका जागी फिरते आणि ओंडका बांधलेली गाडी रुळांवरून तिच्या शेजारून पुढे जाते. ओंडका १६ फुटी असेल तर करवतीच्या अलीकडे १६ फूट लागतात आणि पलीकडेही तेवढेच. झाले ३२ फूट, म्हणजे मॉडेलमध्ये ११२ मिलिमीटर. माझी शेड होती ८० मिलिमीटरची, दोन्ही टोकांना भिंती असलेली. आत ११ फुटांपेक्षा लांब ओंडका कापताच आला नसता, आणि दाराशी मी रचले होते १६ फुटी ओंडके! फोटोत शेडचं फक्त तोंड दिसत होतं.

हे लक्षात आलं ते अमेरिकेच्या कृषी खात्याची १९१८ सालची ७१८ क्रमांकाची पुस्तिका वाचताना. विषयच छोट्या सॉ मिलचा: यंत्रं, उभारणी आणि काम. कृषी खात्याची का, तर तिथली वनसेवा याच खात्याखाली येते. ही पुस्तकं गिरणी चालवणाऱ्यासाठी लिहिलेली असतात, त्यामुळे मापाबरोबर कारणही येतं. ओंडका आत कुठून येतो, फळी कडा कापायला कुठे जाते, सालीसकट निघालेले कडेचे तुकडे बॉयलरपर्यंत कसे पोचतात, हे एकदा कळलं की यंत्रांच्या जागा आपोआप ठरतात. ४८ इंची करवत माझ्याकडे जेमतेम १४ मिलिमीटरची आहे, पण सगळी शेड तिच्याभोवती बसते.

फळ्यांच्या थप्प्यांचंही तसंच. मॉडेलमध्ये आपण लाकडाचा सलग ठोकळा ठेवून देतो. ओल्या फळ्या अशा रचल्या तर कुजतील. थप्पी जमिनीपासून उचललेली हवी, प्रत्येक थरात आडव्या पट्ट्या हव्यात आणि त्या एकावर एक सरळ रेषेत याव्यात, नाहीतर फळ्या वाकतात. थप्पीला थोडा उतार द्यायचा आणि वर फळ्यांचंच छप्पर घालायचं. ०.७ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या चिकटवताना डोळे दुखतात, पण थरांमधून उजेड आरपार दिसतो तेव्हा मला फार आनंद होतो.

अमेरिकेच्या केंद्र सरकारी प्रकाशनांवर तिथे स्वामित्वहक्क नसतो. त्यामुळे स्कॅन सहज मिळतात आणि छापून त्यावर खुशाल खुणा करता येतात.

एक मात्र सांगायला हवं. ही पुस्तकं गिरणी कशी असावी ते सांगतात. ती तशी असेलच असं नाही. म्हणून मी ‘असं करू नये’ अशा वाक्यांखाली आधी रेघ मारतो. लोक तसं करत होते म्हणूनच ते लिहावं लागलं. मग जुने फोटो समोर घेऊन तसा निष्काळजीपणा कुठे दिसतो का ते शोधतो. माझ्या आवारात सहा थप्प्या आहेत. त्यातल्या दोन मी पट्ट्यांविना जमिनीला टेकवल्या आहेत आणि खालच्या पाइनच्या फळ्यांना, बुरशीने येते तशी, निळसर काळी झाक दिली आहे.