बाहुलीघरातला पडदा
आजचा अख्खा दिवस एका पडद्यात गेला आणि मी जाम खूश आहे!

बाहुलीघराचं प्रमाण बहुतेकदा १:१२ असतं. खऱ्यातला एक फूट इथे एक इंच, म्हणजे सात फुटी दार सात इंचांचं. लांबी-रुंदी अशी सहज बसवता येते. कापड मात्र अजिबात ऐकत नाही. त्याचा ताठपणा मापाबरोबर कमी होत नाही, त्यामुळे एवढासा पडदा खाली पडायच्या ऐवजी छत्रीसारखा फुलतो. मग अगदी पातळ रेशीम घ्यायचं, पाणी मिसळलेल्या गोंदात भिजवायचं, थर्माकोलवर टाचण्यांनी एकेक चुणी बसवायची आणि खडखडीत वाळू द्यायचं. संध्याकाळी टाचण्या काढल्या तर चुण्या सरळ खाली उतरलेल्या! कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

वास्तुविशारद एडविन लट्यन्स यांनी ब्रिटनच्या राणी मेरीसाठी आखलेलं बाहुलीघर १९२४ साली पूर्ण झालं. इंग्लंडमधल्या विंडसर कॅसल या राजवाड्यातल्या त्या घरात नळाला खरं पाणी येईल अशी सोय आहे. एवढा खटाटोप कशाला, असं मला तरी कधीच वाटलं नाही.

उद्या पुस्तकांचं कपाट. त्यासाठी बारीक रेषांचं लाकूड शोधायचंय, कारण लाकडाच्या रेषाही लहान होत नाहीत.