लाल रेघेखालची नावं

माझ्या सासूबाई इंग्लंडमधल्या स्विंडनच्या. वय ८१. मी त्यांना ‘आई’च म्हणते, आणि त्यांनाही आता त्याची इतकी सवय झाली आहे की नावाने हाक मारली तर वळून बघणार नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. आत त्यांच्या वडिलांचा जन्मदाखला, दोन फोटो आणि रेल्वेच्या कारखान्यातला एक कागद. म्हणाल्या, “तुझ्या त्या देवळातल्या वहीसारखं आमच्याकडे काही नाही. तरी बघ काही सापडतंय का.”

देवळातली वही म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांची. बाबांच्या कार्याला गेलो होतो तेव्हा गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारून बासनातून वही काढली आणि पणजोबांची मोडीतली सही दाखवली होती. ते मी आईंना सांगितलं होतं आणि त्यांच्या ते फार मनात राहिलं होतं. त्यांच्याकडे तसं काही नाही, हे मात्र खरं नव्हतं. राजा आठव्या हेन्रीच्या काळात, १५३८ साली, त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदवून ठेवायचं. सगळीकडची पुस्तकं टिकली नाहीत, पण जी टिकली त्यांत राजापासून शेतमजुरापर्यंत सगळे आहेत. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून. आणि दर दहा वर्षांनी जनगणना, जिच्यात १८४१ पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं. जनगणनेचे कागद शंभर वर्षं बंद ठेवतात. १९२१ चे २०२२ च्या जानेवारीत खुले झाले. १९३१ चे १९४२ साली आगीत गेले आणि १९४१ ची गणना युद्धामुळे झालीच नाही, म्हणून सध्या १९२१ वर गाडी थांबते.

शोध जिवंत माणसापासून सुरू करून एकेक पायरी मागे जायचं, हा इथला पहिला नियम. मी स्विंडनच्या लायब्ररीत बसायचे. तिथल्या संगणकांवर एरवी पैसे भरून बघावी लागणारी वंशावळीची संकेतस्थळं फुकट बघता येतात. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या अनेकांनी आजी-आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदी शोधून, त्या लिस्बनला नोंदवून पोर्तुगालचा पासपोर्ट मिळवला आणि त्यावर ती इथे आली. जुन्या नोंदवहीतलं एक स्पेलिंग चुकलं की काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार!

आईंचे पणजोबा विल्यम मला १८७१ च्या जनगणनेत स्विंडनला भेटले. रेल्वेत मजूर, वय २५, जन्म विल्टशर या स्विंडनच्याच परगण्यात, पूझी खोऱ्यातल्या एका खेड्यात. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना १८४३ साली इथे सुरू झाला आणि आसपासच्या खेड्यांतली तरणी पोरं शेत सोडून इकडे आली. त्यांना दोष कसा देणार? विल्टशरच्या शेतमजुराला देशातल्या सगळ्यात कमी मजुरींपैकी एक मिळायची. १८३० च्या हिवाळ्यात याच भागातल्या मजुरांनी मळणीयंत्रं फोडली होती आणि त्यातल्या कित्येकांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला धाडलं होतं.

पॅरिशची मूळ पुस्तकं बघायला चिपनमच्या अभिलेखागारात गेले. पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. तिथे विल्यमचा १८४५ चा बाप्तिस्मा सापडला. वय जुळत होतं, आईबापांची नावं जुळत होती. मी आनंदाने घरी फोन केला आणि आईंनी ती तारीख डायरीत लिहूनही घेतली. दोन आठवड्यांनी दफनांची नोंद चाळताना तोच विल्यम १८४६ मध्ये, पुरता वर्षाचाही न होता, पुरलेला दिसला. मग पुढे बघितलं. १८४८ मध्ये त्याच घरात दुसरा मुलगा झाला आणि त्याचंही नाव विल्यम ठेवलं. १८५१ च्या जनगणनेत तो तीन वर्षांचा आहे. रेल्वेच्या साहेबाला किंवा गणनेच्या माणसाला त्याने पुढे वय दोन वर्षं वाढवून सांगितलं असणार. गेलेल्या मुलाचंच नाव पाठच्याला ठेवायची तेव्हा इथे सर्रास पद्धत होती. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यात नातवाने ते पुढे न्यावं अशी इच्छा असते. याच्यात काय असेल, याचा मी बरेच दिवस विचार करत होते.

विल्यमच्या आईबापांचं लग्न १८४१ सालचं. छापील रकान्यांचं पुस्तक, पाद्र्याचं रेखीव अक्षर आणि खाली दोघांच्या सह्यांच्या जागी दोन फुल्या. नवऱ्याची फुली जोरात ओढलेली, शाई फुटलेली. बायकोची लहान, एक पाय आखूड. त्या बाईचं स्वतःच्या हातचं असं जगात एवढंच उरलं आहे. मी भिंगातून किती वेळ बघत बसले होते, मलाच कळलं नाही.

त्याच्या मागे एकच पायरी गेले. या नवऱ्याचा बाप १७९२ मध्ये जन्मला. नोंदीत फक्त आईचं नाव, पुढे ‘बेस बॉर्न’, म्हणजे अनौरस, आणि समासात एक ‘पी’. हा ‘पी’ म्हणजे पॉपर, कंगाल. त्या काळात, १७८३ ते १७९४, चर्चच्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता आणि कंगालांना तो माफ होता. लग्नाशिवाय मूल झालं की गावातले गरिबांच्या निधीचे राखणदार त्या बाईची उलटतपासणी करायचे. मुलाच्या बापाचं नाव कळलं म्हणजे पोसायचा खर्च गावावर न पडता त्याच्यावर टाकता यायचा. हिच्या तपासणीचा कागद मिळाला नाही. मला वाटलं होतं आई खट्टू होतील. त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे आमचं आडनाव तिचं आहे. छान झालं.”

आता मूळ गोष्ट. १९११ च्या जनगणनेचे अर्ज इथे खास मानतात, कारण त्याआधीच्या गणनांची बहुतेक फक्त गणना करणाऱ्यांनी उतरवलेली पुस्तकं राहिली. १९११ चा घरच्या माणसाने स्वतः भरलेला अर्जच जपलेला आहे. त्यात विवाहित बाईबद्दल विचारलं होतं: लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, हयात किती, वारलेली किती. आईंच्या आजोबांचं, बॉयलरमेकरचं, अक्षर जाड आणि उजवीकडे झुकलेलं. चौदा वर्षं. सात, चार, तीन. पुढे मुलांची नावं. चार हयात मुलं, त्यांतला सर्वात धाकटा तीन वर्षांचा, म्हणजे आईंचे वडील. आणि त्यांच्याखाली आणखी तीन नावं, वयांसकट. अर्जात त्या रात्री घरात असलेलीच माणसं लिहायची होती. त्यांनी वारलेलीही लिहिली. कचेरीतल्या कारकुनाने नियमाप्रमाणे त्या तिघांवर लाल शाईची रेघ मारली आहे. असे अर्ज बऱ्याच घरांचे आहेत. रेघ पातळ आहे, खालचं सगळं वाचता येतं.

मी संगणक आईंपुढे केला. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, परत वाचलं. वडिलांच्या तोंडून या भावंडांचा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्या रेघेवरून बोट फिरवत त्यांनी तिन्ही नावं मोठ्याने म्हटली. मग मला विचारलं, “तुझ्या आजीला किती मुलं झाली?”

मी पटकन म्हटलं, सहा.

त्या रात्री नाशिकला आत्याला फोन लावला. ती म्हणाली, “सहा कसली, नऊ झाली आईला. एक शांता होती, माझ्या पाठची, दोन वर्षांची होऊन गेली.”

“आणि बाकीच्या दोघांची नावं?”

“त्यांची कुठली नावं? बारशाच्या आधीच गेली ती.”