गिटार नंबर तीन: शिवणीची बॉडी, सागवानाचा नेक, तेंदूचा फ्रेटबोर्ड (रोवणीच्या आधीपर्यंतचं काम)

नमस्कार राजेहो, मी स्वतः बनवत असलेल्या तिसऱ्या गिटारचं, म्हणजे नंबर तीनचं अपडेट. मार्चपासून आतापर्यंत जे जे झालं ते एकदाच टाकून देतो, कारण धानाची रोवणी लागली की महिनाभर हात चिखलात आणि गिटार माळ्यावर.

ज्यांना आधी आकडे पाहिजेत त्यांच्यासाठी: स्केल (तारेची वाजणारी लांबी) 648 मिमी म्हणजे साडेपंचवीस इंच, 22 फ्रेट (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), बोल्ट-ऑन नेक (स्क्रूनं जोडलेली मान), तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप पकडणारं चुंबक आणि तारेची गुंडाळी), 250के चे पॉट (आवाज कमीजास्त करायची बटनं), आकार जवळपास फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटचाच. गिटार माझ्या चुलत भावासाठी आहे. तो दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या) नाटकांमध्ये वाजवतो, वडसाहून कंपनीची गाडी निघाली की रात्रभर नाटक आणि सकाळी परत. माझी पहिली गिटार त्याच्याचकडे आहे, सगळी सागवानाची, आवाजाबद्दल त्याची तक्रार नाही पण साडेचार किलो वजन गळ्यात घालून तीन अंक काढायचे म्हणजे "दादा, खांदा सुटते रे." त्याच्या यावेळी दोनच मागण्या, हलकी पाहिजे आणि स्टेजवर घूं घूं नको.

हलकी म्हणून बॉडीला शिवण घेतली. आपल्याकडे शिवणीला कोणी भाव देत नाही, मिस्त्री लोक म्हणतात खेळणे नाहीतर पेट्या बनवा. पण गिटारवाल्याच्या नजरेनं बघा: सागवान घनमीटरला 650 किलोच्या आसपास, शिवण पाचशेच्या आतबाहेर, आणि फेंडरवाले जे अल्डर वापरतात ते साडेचारशेच्या जवळपास. म्हणजे आपल्या बांधावरचं लाकूड वजनात त्या अल्डरच्या शेजारीच बसतं. वरून एकदा वाळलं की फारसं वाकत नाही, रंध्याला मऊ जातं, रंग फिकट पिवळसर त्यामुळे पॉलिश खुलून दिसतं. दोन फळ्या जोडून बॉडी केली, 44 मिमी जाड, कंट्रोलचा खड्डा आणि पिकअपचे खड्डे धरून बॉडी दोन किलोच्या थोडी वर आली. मला एवढं चालतं.

नेक मात्र सागवानाचाच. गावात घरकुलं बांधायला जुनी कवेलूची घरं पाडून राहिले, त्यातली एक मयाल (छताची तुळई) मिळाली, धुरानं काळी पडलेली पण आतून सोन्यासारखी. आरामशीनवर नेली तर मिस्त्री म्हणे, "काहून बापा, एवढ्या चांगल्या सागवानाची मान करून राहिला, दाराची चौकट झाली असती तं कामी आली असती." त्याच्याकडून मुद्दाम क्वार्टर-सॉन चिरून घेतली, म्हणजे टोकाकडून पाहिलं तर रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत. असं चिरलेलं सागवान ओल कमीजास्त झाली की आडव्या रेषेच्या लाकडाच्या साधारण निम्मंच फुगतं-आकसतं. एक सांगून ठेवतो, सागवानात वाळूसारखी सिलिका असते, पटाशीची धार बघता बघता जाते, धार लावायचा दगड बाजूलाच ठेवा. आणि ते तेलकट असतं, म्हणून ग्लू लावायच्या अगदी आधी ताजा रंधा मारून थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या, काल पुसलेलं आज चालत नाही, तेल परत वर येतं.

आता फ्रेटबोर्ड. तेंदू म्हटलं की सगळ्यांना तेंदूपत्ता आठवतो, बिडी आठवते, लहानपणी खाल्लेले टेंभरं आठवतात. पण तेंदू हा एबनीच्याच घराण्यातला आहे, दोघांचं कूळ डायॉस्पायरॉस. म्हाताऱ्या झाडाचा गाभा काळाभोर असतो, मधे मधे तपकिरी पट्टे. मामाच्या शेतात वादळानं पडलेलं झाड होतं, त्याचा गाभा दोन्ही टोकांना मेण लावून गोठ्याच्या सावलीत बरेच वर्षं पडून होता. मेण लावलंच पाहिजे, नाहीतर टोकं आधी वाळतात आणि चिरा मधापर्यंत जातात. चिरल्यावर दोन फ्रेटबोर्ड निघाले. लोक बाहेरून एबनी मागवतात त्याला माझी ना नाही, पण आपल्या जंगलात वाढणारी वस्तू एकदा हातात घेऊन तर बघा. फक्त झाड कुठून आलं त्याचा कागद जवळ ठेवा, सागवानाचा तर ठेवाच, वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागतो.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हे एवढं लिहून राहिलो. बाहेरची पुस्तकं, व्हिडिओ सगळे सांगतात की वर्कशॉपची आर्द्रता 45 टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि मग काम करा. आपल्याकडे ब्रह्मपुरी-चंद्रपूर पट्ट्यात मे महिन्यात तापमान 46-47 डिग्रीवर जातं, दरवर्षी बातमीत आपलं नाव असतं, आणि त्या हवेत लाकडातली ओल उतरून 5 टक्क्यांच्या आसपास येते. तेच लाकूड श्रावणात 15 पर्यंत चढतं. त्यात भर म्हणून घरात कूलर. कूलरच्या खोलीत मेमध्येही हवा ओली असते, म्हणजे एकाच घरात पडवीत उन्हाळा आणि आतल्या खोलीत पावसाळा! नेकचा तुकडा मी किराण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून पाहिला, पडवीतून उचलून कूलरच्या खोलीत ठेवला की थोड्याच दिवसांत पंचवीस-तीस ग्रॅमनं जड. ते सगळं पाणी आहे राजेहो. ज्यांच्याकडे ओल मोजायचं मीटर नाही त्यांनी हेच करावं, तुकड्यावर पेन्सिलनं तारीख आणि वजन लिहीत जायचं, वजन हलायचं थांबलं की लाकूड त्या हवेला बसलं.

याचा फ्रेटशी संबंध असा की लाकूड लांबीत जवळपास हलतच नाही, रुंदीत हलतं. म्हणजे फ्रेटच्या जागा बारा महिने तिथंच राहतात, सूर बिघडत नाही, पण बोर्डाची रुंदी कमीजास्त होते आणि धातूचा फ्रेट आहे तेवढाच राहतो. पावसाळ्यात फ्रेट बसवून टोकं घासून गुळगुळीत केली की पुढच्या एप्रिलमध्ये बोर्ड आकसतो, टोकं बाहेर येतात आणि बोटं कापतात. हेच उलटं करा. फ्रेट मेमध्ये बसवा, पडवीत, कूलरपासून लांब, लाकूड सगळ्यात जास्त आकसलेलं असतानाच टोकं घासा. मग वर्षभर बोर्ड फुगेल तर टोकं आतच राहतील, बाहेर कधी यायची नाहीत. आपल्या भागासाठी मला तरी 45 टक्क्यांपेक्षा हे पटलं. याची किंमत एकच आहे, पावसाळ्यात बोर्ड फुगला की नेक मागच्या बाजूला वाकू शकतो, म्हणून ट्रस रॉड (नेकच्या आतली, वाक काढायची सळई) दोन्हीकडे फिरणाराच घ्या. एकाच बाजूला ओढणारा जुन्या पद्धतीचा रॉड इथं अर्धंच काम करेल.

स्लॉटचं, म्हणजे फ्रेट बसवायच्या खाचांचं गणित तुम्हाला माहीत असेलच, तरी नवीन लोकांसाठी: स्केलला 17.817 नं भागायचं, पहिला फ्रेट नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) 36.37 मिमी वर, मग उरलेल्या लांबीला परत तसंच. पण कापताना प्रत्येक माप नटपासूनच घ्यायचं, 5वा 162.55, 7वा 215.51, 12वा बरोबर 324, 22वा 466.16. फ्रेटपासून फ्रेट मोजत गेलं की केसाएवढी चूक बाविसाव्यापर्यंत जाऊन दोऱ्याएवढी होते. फ्रेट सॉ महाग पडतो म्हणून मी हॅकसॉचं पातं वापरतो. पात्याची जाडी 0.63 मिमी असते पण दाते डावीउजवीकडे वाकवलेले असल्यानं काप रुंद पडतो. पातं धार लावायच्या दगडावर आडवं ठेवून दोन्ही बाजूंनी घासायचं, दात्यांचा फुगवटा पात्याच्या पातळीत आला की बोटाला कळतं. फ्रेटची टँग (खाचेत जाणारी खालची पात) अर्ध्या मिमीची, त्यामुळे थोडा ढिलेपणा राहतो, तो काढायला टँगला पक्कडीनं जागोजागी हलका चिमटा द्यायचा आणि मग प्लास्टिकच्या हातोडीनं आधी दोन टोकं, मग मधला भाग. तेंदू इतका टणक आहे की प्रत्येक फ्रेट बसताना आवाज बदलतो, ठक ठक करता करता एकदम टण्ण. तो टण्ण आला की समजायचं तळाला टेकला.

बोर्ड नेकला चिकटवायला फेविकॉल वापरला नाही. टिनाच्या खाली उन्हाळ्यात पांढरा ग्लू नरम पडून हळूहळू सरकतो, वर तारांचा ताण. हळू सुकणारं एपॉक्सी घेतलं, सी-क्लॅम्प कमी पडले तर सायकलची जुनी ट्यूब ओढून गुंडाळली.

पिकअप. यावेळी स्वतः गुंडाळले आणि इथं एक सावधगिरी लिहून ठेवा. परदेशी माहितीत "42 नंबरची तार" म्हणतात तो एडब्ल्यूजीचा (अमेरिकन मापाचा) नंबर, जाडी 0.063 मिमी. आपल्या बाजारात नंबर एसडब्ल्यूजीचा (ब्रिटिश मापाचा) चालतो, तिथं 42 मागितला तर 0.1 मिमीची तार मिळेल आणि बॉबिन अर्ध्यातच भरून जाईल. आपल्याला पाहिजे ती जवळपास 46 एसडब्ल्यूजी. गावात मोटार रिवाइंडिंगवाला आहे, उन्हाळी धानाच्या दिवसांत व्होल्टेज पडून पंप जळतात तेव्हा त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून रात्री दुकान बंद व्हायच्या वेळी जायचो. त्याच्या मशीनला काउंटर आहे तेच सोनं. तार बघून म्हणे, "हे तं डोळ्यालेच दिसत नाही भाऊ, हे मोटारीत टाकली तं बटन दाबताच धूर." एका पिकअपला 7,800 च्या आसपास फेरे, एक किलोमीटरच्या वर तार. पंखा, कूलर सगळं बंद करावं लागतं, वाऱ्याच्या झोताला ती तार थरथरते आणि तुटते, आणि मे महिन्यात बंद दुकानात पंखा बंद म्हणजे काय ते तुम्ही जाणता. तार डाव्या हाताच्या दोन बोटांच्या मधून सोडायची, बोटांत फडक्याचा तुकडा, ओढ एवढीच की ढिली राहू नये.

मोजताना घाबरू नका. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला 0.39 टक्के वाढतो. पुस्तकात 20 डिग्रीला 6 के लिहिलेला पिकअप आपल्याकडे 44 मध्ये साडेसहा के दाखवतो. फेरे जास्त झाले असं समजून तार सोडत बसू नका.

घूं घूं साठी मधला पिकअप उलट्या दिशेनं गुंडाळला आणि त्याचे मॅग्नेटही उलटे बसवले, त्यामुळे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन पिकअप मिळून 50 हर्ट्झचा गुंजारव एकमेकांचा काटतात, तारांचा आवाज मात्र मिळून येतो. खड्ड्यांना आतून तांब्याची पट्टी लावून सगळी एकमेकांना सोल्डर केली आणि ग्राउंडला जोडली. पण हे गिटारच्या आतलं झालं. भावाच्या स्टेजवर जनरेटर, डिमर आणि लाइटच्या वायरी एकाच बांबूला बांधलेल्या असतात, अर्थिंग कोणी विचारत नाही. त्याला सांगितलंय की अँपची वायर लाइटच्या वायरीपासून लांबून ने, आणि अर्थिंग नसेल तिथं तारांना आणि माइकला एकाच वेळी हात-तोंड लावू नको, तो झटका मस्करीचा नसतो. माझ्या वर्कशॉपच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ आहे तरी उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओततो, माती कोरडी झाली की अर्थिंग नावालाच उरतं.

लिओ फेंडरला स्वतः गिटार वाजवता येत नव्हती, माणूस मूळचा रेडिओ दुरुस्तीवाला, आणि 1950 मध्ये त्यानं बोल्टनं नेक जोडलेली गिटार बाजारात आणली. मला चार कॉर्डच्या पुढे येत नाही म्हणून जे हसतात त्यांच्यासाठी ही माहिती.

पॉलिश चपड्याचंच (लाखेचं) केलं, स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं. मृगाच्या आत आटपून घेतलं कारण पाऊस लागला की ओल्या हवेत चपड्यावर पांढुरकी धूळ बसल्यासारखी चढते. शिवणीवर मधासारखा रंग आलाय, फोटोत तेवढा दिसत नाही.

सध्याची परिस्थिती: नेक बसला, चार स्क्रू, बॉडीतल्या नेकच्या खाचेत कागद सरकत नाही एवढा घट्ट. पाऊस सुरू झाल्यावर रॉडला पाव फेरा द्यावा लागला, फ्रेटची टोकं आतच आहेत, रोज बोट फिरवून बघतो. वायरिंग झालं, स्क्रू ड्रायव्हर पिकअपवर टेकवला की तिन्ही बोलतात. नट बाकी, फ्रेट लेव्हलिंग (सगळे फ्रेट घासून एका पातळीत आणणं) बाकी, ते रोवणीनंतर. नटसाठी म्हशीचं हाड उकळून, तेल काढून वाळत घातलंय, घरचे त्यावरून जे बोलले ते इथं लिहीत नाही. भावाला गिटार दिवाळीच्या आत पाहिजे, तेव्हा पोळ्याच्या आसपास तारा चढवायचा बेत आहे. बारा इंच रेडियसचा (फ्रेटबोर्डच्या गोलाईचा), फूटभर लांबीचा सँडिंग ब्लॉक कोणाकडे पडून असेल, नागपूर-चंद्रपूर लाइनवर कुठंही, तर सांगा, आठवडाभरासाठी नेतो आणि परत आणून देतो. दुसरा तेंदूचा फ्रेटबोर्डही शिल्लक आहे, बदल्यात द्यायला तयार.