काबेल नदारे!

इराणमधल्या इस्फहानमध्ये आज टॅक्सीवाल्याला जवळजवळ बुडवलंच होतं.

सी-ओ-से पोल या जुन्या पुलापाशी उतरले. किती झाले विचारलं, तर काका छातीवर हात ठेवून म्हणाले, "काबेल नदारे." म्हणजे, तुमच्यापुढे या पैशांचं काय मोल! मी भाबडी, "मेर्सी" म्हणून (हो, इथे आभाराला फ्रेंच शब्द सर्रास चालतो) चालू पडले. दहा पावलांवर ट्यूब पेटली, अगं बाई, हा तर तारोफ, म्हणजे शिष्टाचार म्हणून आधी नको म्हणायची इथली रीत! धावत परत. काका तसेच बसलेले, हाक मारायचा संकोच वाटला असणार. दोनदा नको नको, तिसऱ्यांदा घेतले. त्यात बोलायचं तोमानमध्ये आणि नोटा रियालच्या, म्हणजे डोक्यात एक शून्य वाढवायचं. सुट्ट्या पैशांना ते 'पूल-ए-खुर्द' म्हणाले आणि मला आपला खुर्दा आठवला.

संध्याकाळी ३३ कमानींच्या त्या पुलावर बसले होते. खाली झायंदे रूद नदी कोरडी ठणठणीत. शेजारच्या कुटुंबातल्या आजींनी चहाचा थर्मास पुढे केला. आता मी शहाणी झालेले! "नको" म्हटलं. पुन्हा "नको, खरंच नको." तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही, सरळ ओतला. साखरेचा खडा दातात कसा धरायचा, तेही करून दाखवलं. माझा पहिल्याच घोटात विरघळला.