राणीबागेबाहेरचा दगडी हत्ती

मे महिन्याची सुट्टी लागली की दुसऱ्याच दिवसापासून "आई, आज कुठे जायचं?" सुरू होतं. मॉलमध्ये तासाभरात हजार रुपये जातात आणि मुलांना सांगण्यासारखं काही उरत नाही. म्हणून यंदा एका मंगळवारी, ऑफिसची गर्दी ओसरल्यावर, आम्ही चौघं आणि माझी आई डोंबिवलीहून मुंबईत भायखळ्याच्या राणीबागेत, म्हणजे तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेलो. रविवारी मेगाब्लॉक आणि बागेत तोबा गर्दी. बुधवारी तर राणीबाग आणि शेजारचं संग्रहालय दोन्ही बंद.

स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की बाग चालत जाण्याइतकी जवळ आहे. आई-वडील आणि दोन मुलं असं चौघांचं तिकीट आम्हाला १०० रुपयांना मिळालं, माझ्या आईचं वेगळं ५०. आई आत शिरताच म्हणाली, "इथे मी हत्तीवर बसले होते गं." मग दोन्ही नातवंडं तिला चिकटली ती सुटेनात.

बाहेर घामाच्या धारा, आणि पेंग्विनच्या दालनात काचेला हात लावला तर गारेगार. धाकटा नाक काचेला टेकवून उभा राहिला. हे हंबोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ साली इथे आले. छातीवर प्रत्येकाचे काळे ठिपके वेगळे असतात. हे कळल्यावर लेकीने एकच पेंग्विन धरून ठेवला आणि तो पाण्यात कुठेही गेला तरी ठिपक्यांवरून शोधत राहिली. वाघ लांब झोपला होता. मला मात्र इथली झाडंच जास्त आवडतात. गोरखचिंचेचं खोड एवढं जाड, की त्यापुढे माणूस काडीसारखा दिसतो.

उन्हं चढली तसे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरलो. मुंबईतलं हे सर्वांत जुनं संग्रहालय, १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. तिकीट वेगळं, पण खिशाला जड नाही. नक्षीदार खांब, उंच छत आणि मातीच्या छोट्या बाहुल्यांतून उभी केलेली जुन्या मुंबईची माणसं. आई एकेका पगडीपाशी थांबून मुलांना सांगत होती.

पण दिवस खरा लक्षात राहिला तो बाहेरच्या दगडी हत्तीमुळे. काळ्या दगडाचा हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरूनच. १८६४ साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले आणि हलवताना त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे इथे आणून जोडले. ही गोष्ट ऐकल्यावर लेक हत्तीभोवती हळूहळू फिरली, वाकून, मान वर करून सांधे शोधत. "इथे जोडलाय, बघ!" मग एकदम गंभीर होऊन तिने विचारलं, "सगळे तुकडे सापडले होते का?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. धाकट्याने पायाकडे बघून सांगितलं, "पाय तर चारही आहेत."

परतीच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली. डब्यातली धपाटी संपेपर्यंत हत्तीचाच विषय चालू होता. तो जिथे उभा होता ती जागा बघायला पुढच्या आठवड्यात घारापुरीला जायचं ठरलंय, सोमवार सोडून, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. बोटीत खिडकीशी कोण बसणार, यावरून भांडण आत्ताच सुरू झालंय.