बर्ड डॉग: काठी एकदाची जागेवर राहिली

कंबरदुखीसाठी कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेल्या तीन व्यायामांपैकी कर्ल-अप आणि साइड प्लँक मागच्या नोंदीपर्यंत मार्गी लागले होते. घोडं अडलं होतं बर्ड डॉगवर, म्हणजे हातगुडघ्यांवर राहून एक पाय मागे आणि विरुद्ध हात पुढे लांबवण्यावर. आज उजवा पाय मागे गेला, पूर्ण 10 सेकंद थांबला, आणि माकडहाडावर आडवी ठेवलेली काठी हलली नाही. वरून उरलेला दिवस कंबर गप्प! म्हणून लगेच लिहितोय.

तिढा असा होता: डावा पाय उचलला की सगळं ठीक, उजवा उचलला की पेल्विस (कंबरेखालचा हाडांचा कटोरा) उजवीकडे उघडायचा आणि थोड्याच आवर्तनांत कंबरेच्या त्या कोपऱ्यात ओळखीची कळ. बाजूने व्हिडिओ काढला तर पाठ सपाट दिसायची, आणि गोम तिथेच होती. बाजूने पाठीचा बाक कळतो, पीळ कळत नाही. मोबाईल टाचांच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवला आणि सगळं उघड झालं. काठीचंही तसंच. पाठीवर उभी काठी हिप हिंजसाठी (पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकण्यासाठी) उत्तम, कारण डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी ती टेकली पाहिजे. पीळ पकडायला मात्र ती आडवीच हवी. जराशी कलली तरी घरंगळते, लाडीगोडी चालत नाही.

आता कारण. खुब्याच्या सांध्यातून मांडी शरीराच्या रेषेच्या मागे जायला जेमतेम 10 ते 20 अंशांची मुभा असते. जांघेतले स्नायू आखडलेले असले तर तीही पुरती मिळत नाही. त्यापुढे पाय वर गेला की उरलेलं अंतर कंबर भरून काढते, वाकून किंवा पिळून. म्हणून ‘पाय वर’ हा विचारच सोडला. टाच मागच्या भिंतीकडे ढकलायची, पायाची बोटं जमिनीकडे, पाय पाठीच्या रेषेच्या किंचित खालीच. सुरुवातीला हात उचललाच नाही. बोटं जमिनीवरून सरकवत पाय लांब केला, मग पाय जमिनीपासून दोन बोटं उंच. तेवढ्यावर काठी टिकली, तेव्हा कुठे मूठ आवळून डावा हात पुढे.

गुबगुबीत मॅटबद्दल माझं मत आणखी वाईट झालंय. गुडघा रुततो आणि तोल मॅटच ठरवते. कडक जमीन आणि गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल, बस्स. फोम रोलर (स्नायूंखाली फिरवायचा फोमचा दंडगोल) मांडीला ठीक, थेट कंबरेखाली मला मुळीच पटत नाही. कंबरेच्या पट्ट्याबद्दल पुन्हा विचारणाऱ्यांसाठी: जुनाट कंबरदुखीवरच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत पट्टे आणि ट्रॅक्शन (कणा ओढून ताणणं) दोन्ही नेहमीचा उपाय म्हणून नकोत असंच म्हटलंय. गरम पाण्याची पिशवी सत्राआधी घेतो, अंग मोकळं होतं, त्याहून जास्त अपेक्षा नाही.

सत्र सकाळी उठल्या उठल्या करत नाही. रात्रभर पडून मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, आणि पहिल्या तासात पुढे वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. आणि हो, जांघेत किंवा बसण्याच्या भागात बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, पायातली ताकद जाणं यांपैकी काहीही झालं तर काठी-बिठी बाजूला ठेवून तडक रुग्णालयात.

पुढे 6-4-2 चा उतरता पिरॅमिड (आधी 6, मग 4, शेवटी 2 आवर्तनं) दोन्ही बाजूंना सुरू करणार होतो. पण वरचा जांघेचा परिच्छेद लिहिताना वाटलं, खरा अडसर उजव्या जांघेतच असेल तर? आधी एक गुडघा टेकून तिथला ताण द्यायचा, लगेच काठीची चाचणी, आणि दुसऱ्या दिवशी ताण न देता तीच चाचणी. फरक दिसला तर ताण कायमचा सत्राच्या सुरुवातीला. तोवर पिरॅमिड थांबेल.

नवीन डोकेदुखी म्हणजे डावा हात पुढे गेला की उजवा खांदा खचतो. तळहात जमिनीत दाबून थोडा सुधारतो, पण शेवटच्या सेकंदांत पुन्हा तेच. यावर कुणाकडे काही जमलेली युक्ती आहे का?